टेंपोवर नाव लावा, आणि पूर्ण लावा

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाने सेकंडहँड ईको घेतली. फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं त्याचं काम आहे. फोन आला की मिरजेतून निघायचं, सांगली-कुपवाडपर्यंत जायचं, रात्री नऊला घरी यायचं. गाडी पांढरी, कोरी. रेडियमच्या दुकानात गेला आणि तिथूनच त्याने मला फोन लावला.

"भाईजान, रेडियमवाला म्हणतो नाव नको टाकू. साई, श्री असं काहीतरी टाक, नाहीतर नुसतं इंग्रजीत कूल-बिल काहीतरी. लोकांच्या घरात शिरायचं काम आहे म्हणतो. काय करू?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. उद्याचे तीन दिवस झाले. उत्तर देता येईना, कारण हाच सल्ला मी स्वतः त्याच्या वडिलांना दिला होता. २०११ साली.

मामूंचा फळांचा धंदा. मार्केट यार्डातून माल उचलायचा, आठवडी बाजारात आणि दुकानांत पोचवायचा. त्यांच्या जुन्या टेंपोवर गल्लीतल्या पेंटर काकांनी हाताने रंगवलेलं नाव होतं. निळी अक्षरं, त्यांना लाल सावली, आणि बाजूला द्राक्षांचा घड. वर मोठ्ठं 'बागवान', खाली 'फळांचे व्यापारी, मिरज'. पेंटर हिंदू, गिऱ्हाईक मुसलमान, आणि दोघांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मामूंनी छोटा हत्ती घेतला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कोरल ड्रॉ येत होतं, त्यामुळे घरात मीच कलाकार. रेडियमच्या दुकानात तासभर बसून मी एक चकचकीत इंग्रजी नाव तयार केलं. त्यात 'न्यू' होतं, 'स्टार' होतं, 'सप्लायर्स' होतं. बागवान नव्हतं, मिरजही नव्हतं. मी मामूंना म्हणालो, "आता ब्रँडचा जमाना आहे." मामूंनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "अच्छा है बेटा. पन अपना नाम किदर हय?"

त्या वेळी मी ब्रँडबद्दल बोललो. खरं कारण वेगळं होतं. हॉस्टेलला खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर समोरच्या आवाजात होणारा बदल मला तोवर पाठ झाला होता. तो बदल मामूंच्या गिऱ्हाइकाच्या आवाजात होऊ नये म्हणून मी आधीच त्यांचं आडनाव काढून टाकलं. कुणी मागितलं नव्हतं. मीच सोलून काढलं.

म्हणून हा लेख आहे. मामेभावाला द्यायचं उत्तर आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात एखादा टेंपो, ईको, रिक्षा किंवा डिलिव्हरीची गाडी उभी आहे त्या सगळ्यांना आहे. माझं म्हणणं एका ओळीत असं: धंद्याच्या गाडीवर आपलं नाव लावा, देवनागरीत लावा, आणि पूर्ण लावा.

आपली आडनावं म्हणजेच पाट्या

आधी जरा आपल्या आडनावांकडे बघा. बागवान म्हणजे फळं-भाजी विकणारा. आत्तार म्हणजे अत्तर विकणारा. तांबोळी पानवाला. मणेर बांगड्यांचा. पिंजारी कापूस पिंजणारा. शिकलगार हत्यारांना धार लावणारा. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची निम्मी ओळख अशी कामावरून पडलेली आहे. ही आडनावं मराठी माणसाला शतकानुशतकं कळत आलेली आहेत, कारण ती त्याच्याच बाजारात तयार झाली.

आमच्या मिरजेचंच उदाहरण घ्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तानपुरे बनवायला सुरुवात केली. काम इतकं नावाजलं की पुढे आडनावच 'सतारमेकर' झालं. आज देशभरातले गवई मिरजेचा तानपुरा मागतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारागिरांनी कामाचं नाव स्वतःच्या नावाला जोडलं, आणि गावाचं नाव वाद्याला. माणूस, काम, गाव या तिन्ही गोष्टी एका पाटीवर आल्या.

त्यांनी धंदा आडनावात घातला. आपण धंद्यातून आडनाव काढतोय.

लपत काहीच नाही

रेडियमवाल्याचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. तो रोज दहा गाड्या करतो, त्याला बाजार कळतो. पण मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे, म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो: ही लपवालपवी चालते तरी का?

समजा, गाडीवर 'साई कूलिंग' लिहिलं. गिऱ्हाइकाने फोन केला. त्याच्या फोनवर कॉलर ओळखणारं अ‍ॅप असेल तर तिथेच नाव दिसलं. नाही दिसलं, तर काम संपल्यावर तो क्यूआर कोड स्कॅन करतो. यूपीआयमध्ये पैसे जाण्याआधी घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. ३० जून २०२५ पासून तर बँकेच्या खात्यात नोंदलेलं नावच दाखवायचं, असा नियम माणसामाणसांतल्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या व्यवहारांना लागू आहे. म्हणजे गाडीवर साई, आणि पडद्यावर तुमचं आजोबांपासूनचं पूर्ण नाव. तेही नेमकं पैसे देण्याच्या क्षणी.

आता त्या गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहा. त्याच्या मनात मुसलमानाबद्दल काही नसेलही. पण "याने नाव का लपवलं?" हा प्रश्न तुम्हीच त्याच्या मनात घातला. ज्याला आडनावाशी घेणंदेणं नव्हतं, त्यालाही आता शंका आली. ज्याला आडनाव नकोच होतं, त्याला तर "हे असेच फसवतात" म्हणायला पुरावाच मिळाला. तुम्ही फ्रिज उत्तम दुरुस्त केलात तरी त्याच्या लक्षात राहील ते नाव बदललं होतं एवढंच.

आणखी एक गंमत. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू गाड्यांच्या केबिनच्या दाराजवळ एक छोटी चौकट रंगवलेली असते. गाडीचं रिकामं वजन, भरलेलं वजन, मालकाचं नाव, पत्ता. छोट्या अक्षरात नाव तिथे असतंच. वर मोठ्या अक्षरात दुसरंच काही. एकाच गाडीवर खरं लहान आणि खोटं मोठं.

वर दुसऱ्याच्या देवाचं नाव धंद्यापुरतं वापरणं मला व्यक्तिशः पटत नाही. साईबाबांवर तुमची श्रद्धा असेल, तर जरूर लावा. आपल्याकडे अशी घरं आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण श्रद्धा नसताना गिऱ्हाईक मिळावं म्हणून लावणं हा त्या भाविकाचाही अपमान आहे आणि आपलाही.

सक्तीची पाटी आणि मर्जीची पाटी

इथे कुणीतरी म्हणेल, "म्हणजे तुम्ही त्यांच्याच बाजूने बोलताय. तेही म्हणतात नावं लावा."

नाही. फरक नीट समजून घेऊ. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर पोलिसांनी कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांना मालकांची नावं लावायला सांगितलं. मग तसाच आदेश राज्यातल्या सगळ्या यात्रामार्गांसाठी निघाला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न विकता ते सांगायला लावता येईल, पण मालकाचं किंवा कामगारांचं नाव लावायची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

ती सक्ती गिऱ्हाइकाला माहिती मिळावी म्हणून नव्हती, माणसं वेगळी काढता यावीत म्हणून होती. अशा सक्तीला विरोध केलाच पाहिजे, आणि मी करतो. पण सक्तीला नाही म्हणणं वेगळं, आणि सक्तीच्या भीतीने स्वतःच नाव पुसणं वेगळं. पहिल्यात नाव तुमचं असतं, ते कधी सांगायचं हे तुम्ही ठरवता. दुसऱ्यात नाव उरतच नाही. नाव न लावण्याचा हक्क कुणाला असेल, तर लावण्याचाही आहे, आणि तो वापरला नाही तर हळूहळू गंजतो. रस्त्यावर शंभर गाड्यांवर बागवान, मुल्ला, शेख, तांबोळी दिसत असतील तर एकशे एकावी गाडी उठून दिसत नाही. सगळ्यांनी नावं काढली, तर उरलेला एकटाच दिसतो. आपण नाव काढतो तेव्हा आपण फक्त स्वतःला लपवत नाही, शेजारच्याला उघडं पाडतो.

७८६, वाघ, तलवार आणि कायी टोळी

आता दुसरी बाजू. नाव लपवणारे एक, आणि नावाऐवजी घोषणा लावणारे दुसरे. या दुसऱ्यांवर आपल्यात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

परवा मिरज स्टेशनजवळ एक फळांचा टेंपो पाहिला. समोरच्या काचेवर रुंद पट्टी, त्यावर ७८६. दोन्ही दारांवर सिंह. मागे दोन तलवारी, आणि त्यांच्या मधोमध एर्तुग्रुल मालिकेतलं कायी टोळीचं चिन्ह. मालकाचं नाव नाही. फोन नंबर नाही. फळं विकतो एवढंही नाही. मला दोन पेट्या आंबे हवे असते, तर मी कुणाला फोन करायचा? एर्तुग्रुलला?

तेराव्या शतकातल्या तुर्की टोळीचं चिन्ह लावताना आपला हात थरथरत नाही. आजोबांचं आडनाव लावताना थरथरतो. हे शौर्य नव्हे, ही त्याच भीतीची दुसरी बाजू आहे. एकजण नाव पुसून लपतो, दुसरा सिंहामागे लपतो. दोघांच्याही गाडीवरून माणूस गायब आहे.

समोरच्या बाजूलाही हेच चाललंय, मला दिसतं. रागावलेले देव, भगव्या तलवारी, धमकीवजा वाक्यं. त्यांच्याशी स्टिकरने स्टिकरची लढाई करायची, तर रेडियमवाल्याशिवाय कुणाचंच भलं होणार नाही. धंद्याची गाडी सगळ्यांच्या मधून जाते: शाळेसमोरून, देवळासमोरून, मशिदीसमोरून. तिच्यावर असं काही असावं की बघणाऱ्याला बोलावंसं वाटेल. ७८६ लावायचंय? लावा, लहान अक्षरात, स्टिअरिंगच्या वर, तुमच्यासाठी. दारावरची जागा गिऱ्हाइकाची आहे.

"तुला काय, तुझा पगार होतो"

सगळ्यात खरा आक्षेप मामेभावानेच घेतला. "भाईजान, तुला बोलायला काय जातंय? तुझा पगार एक तारखेला होतो. माझा एक फोन कमी आला तर त्या दिवशी शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल अंगावर येतं. आणि कुणी काच फोडली तर?"

याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. बहिष्काराची हाक देणारे मेसेज फिरतात, हे त्यालाही दिसतं आणि मलाही. ज्या गावात गेल्याच आठवड्यात दगड पडलेत, तिथल्या माणसाला मी घरबसल्या शूर व्हायला सांगणार नाही. आधी लेकरं-बाळं, मग पाटी. ज्याला खरंच धोका आहे त्याने त्याच्या अंदाजाने वागावं, आणि त्याबद्दल त्याला कुणी भित्रा म्हणू नये.

पण मी त्याला एवढंच विचारलं: तुझ्या शंभर गिऱ्हाइकांपैकी किती जण गाडीवरचं नाव वाचून आले? त्याने विचार केला. जवळजवळ सगळे कुणाच्या तरी सांगण्यावरून आले होते. "तो मुल्ला गल्लीतला पोरगा, बागवानांचा, काम चांगलं करतो." लोक त्याला नावाने सांगतात, नावाने शोधतात. गाडीवर दुसरंच नाव असेल, तर सोसायटीच्या गेटवर रखवालदारही विचारणार, "बागवान येणार होते ना? ही गाडी कुणाची?"

मामूंचं तेच झालं होतं. मी बनवलेलं ते इंग्रजी नाव बाजारात कधीच कुणी उच्चारलं नाही. यार्डात तो टेंपो शेवटपर्यंत 'बागवानांची गाडी'च राहिला. मी गाडीवरून नाव काढलं, लोकांच्या तोंडातून काढू शकलो नाही. फक्त नव्या गिऱ्हाइकाला जुन्याने सांगितलेली गाडी सापडेनाशी झाली.

आणि पगाराचं म्हणशील, तर तुझं बरोबर आहे. सुरुवात आम्हीच करायला हवी. ऑफिसच्या कॉलवर 'सॅम' होणारे, मेलखाली अर्धं नाव लिहिणारे आम्ही पगारदार आधी पूर्ण नाव लिहू, मग टेंपोवाल्याला सांगू. मी तीन वर्षं 'सॅम' होतो. आता नाही.

आता कामाचं बोलू: लावायचं कसं

नाव लावायचं ठरलं, तर ते वाचता आलं पाहिजे. आपल्या गाड्यांवर निम्मं तरी वाचता येत नाही.

आकार: पाटीच्या धंद्यात साधा हिशेब आहे. दहा फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर एक इंच उंच हवं. तीस फुटांवरून वाचायचं, तर तीन इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खालपर्यंत मोजा, वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात धरू नका. त्यांना वेगळी जागा द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

मजकूर: ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. रस्त्याकडेच्या माणसाला दोन-तीन सेकंद मिळतात. म्हणून बाजूला चारच गोष्टी: नाव, काम, गाव, फोन. मागचा दरवाजा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सिग्नलला मागचा माणूस तोच वाचत बसतो. फोन नंबर तिथे मोठा हवा.

रंग: पांढऱ्या गाडीवर गडद निळा किंवा काळा. हिरव्यावर सोनेरी दिसायला छान, पण उन्हात वाचता येत नाही. आपण 'रेडियम' म्हणतो त्यात रेडियम नसतं. काचेच्या बारीक मण्यांचा तो परावर्तक थर असतो, आणि तो समोरून दिवा पडला तरच चमकतो. दिवसा त्याचा उपयोग साध्या व्हिनाइलइतकाच.

जोडाक्षरं: हा माझ्या धंद्याचा विषय आहे. रेडियमच्या दुकानात बहुतेक वेळा जुनं सॉफ्टवेअर असतं. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्यात चिकटवला की पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, रफार उडून जातो आणि 'दुरुस्ती'मधला 'स्ती' फुटतो. मग प्लॉटर तेच इमानदारीत कापून देतो. म्हणून मजकूर घरी नव्या फॉन्टमध्ये लावा, अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ न्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'बलू' आणि 'मुक्ता' हे फॉन्ट फुकट आहेत, देवनागरीसाठी विचार करून बनवलेले आहेत, आणि लांबून स्वच्छ वाचता येतात. कापण्याआधी नंबर दोनदा वाचा, दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. व्हिनाइलला खोडरबर नसतो.

कायदा: नंबर प्लेटवर हात फिरवू नका. तिथे देवनागरी चालत नाही, तिथे अभिमान दाखवायची जागाच नाही. काचा झाकू नका. मालवाहू गाडीला पुढे पांढरी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लागते, ती स्टिकरखाली घालू नका. संपूर्ण गाडीचा रंगच बदलणारं रॅप करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. आणि मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहू नका. महाराष्ट्रात २०१५ सालीच त्यावर बंदी आली.

देवनागरीत का? दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, हा नियम आता पक्का आहे. टेंपोला तो लागू नसेल, पण मी नियमासाठी म्हणत नाही. आपली भाषा तीच आहे. 'बागवान' हे देवनागरीत लिहिलेलं असतं तेव्हा ते मिरजेचं असतं. उर्दूतही लावायचं असेल तर खुशाल लावा, फक्त नस्तालिक लिहिणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, गूगलवरून उलटं चिकटवू नका.

आणि जमलं तर पेंटरकडे जा. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं होतं. हनीफ कुरेशी या कलावंताने रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे डिजिटल फॉन्ट बनवले, प्रत्येक फॉन्ट त्या पेंटरच्या नावाने. २०२४ मध्ये ते ऐन चाळिशीत गेले. गाड्या रंगवणाऱ्या, स्वतःचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिणाऱ्या माणसांना त्यांनी मोठ्या अक्षरात नाव दिलं. आपण निदान स्वतःचं तरी लिहू.

मामेभावाची गाडी अशी ठरली. दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत त्याचं पूर्ण नाव, सहा इंची 'बागवान'. खाली 'फ्रिज, एसी दुरुस्ती. मिरज'. मागे फोन. मामूंना फाइल दाखवली. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अंगूर किदर गये?" फ्रिजच्या गाडीवर द्राक्षं कशाला, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. कोपऱ्यात छोटा घड काढला, लाल सावलीसकट.

तुमच्या घरात गाडी असेल तर दाराची लांबी-रुंदी मोजून ठेवा. फाइल मी बनवून देईन, पैसे नकोत. अट एकच: नाव पूर्ण हवं.